चीफसाहेबांचं इंजिन

"ओझं किती?"

कुणीही काहीही विचारायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा. होडीला मशीन बसवायचं म्हणून मिरकरवाड्यातला एखादा तांडेल आला, तरी "ओझं किती?" शेजाऱ्यांनी घरावर माडी चढवायचा सल्ला विचारला, तरी "ओझं किती?" भाचीला मोठ्या घरचं स्थळ आलंय असं बायकोनं सांगितलं, तेव्हाही हातातला पाना खाली न ठेवता त्यांनी विचारलं होतं, "घरात माणसं किती? म्हणजे पोरीवर ओझं किती?"

आणि विचारता विचारता समोरच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घ्यायचे. असं बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ती बहुधा शिंपी असतात, नाहीतर लग्न जमवणारी. हे गृहस्थ वजन करायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं वजन मला सांगितलं आणि ते बरोबर निघालं. मी स्वतः डॉक्टर असूनही मला ते मुळीच आवडलं नाही.

ते बोटीवर चीफ इंजिनियर होते. त्यांच्या घरातली बहुतेक माणसं दर्यावर गेलेली. हेही तसेच गेले, परीक्षा देत देत वर चढले आणि दुमजली घराएवढी इंजिनं सांभाळून पन्नाशी उलटल्यावर मिरकरवाड्यात परत आले. सगळं गाव त्यांना चीफसाहेब म्हणायचं. घरामागच्या शेडमध्ये एक लेथ, भिंतीवर ओळीनं टांगलेली हत्यारं आणि बाहेर वाळत घातलेल्या बांगड्यांचा वास. तिथं ते मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करायचे. पोटापाण्यासाठी नव्हे. त्यांना इंजिनावाचून करमत नसे.

मी पुण्याहून रत्नागिरीला येऊन रामआळीत दवाखाना काढला त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बायकांची डॉक्टर आणि तीही बाईच, म्हणून लांबलांबून बोलावणी यायची. वडिलांनी त्यांची जुनी मोटार मला दिली होती. गाडी लहान, विलायती, दुसऱ्या लढाईच्या आधीची. दत्तू नावाचा माझा ड्रायव्हर स्वभावानं फार चांगला, पण घाईचा. निवळीच्या घाटात एकदा पाणी उकळून बॉनेटमधून वाफ यायला लागली. दत्तूनं ओहोळाचं गार पाणी डब्यात भरलं आणि तापलेल्या इंजिनावर ओतलं. टण् असा आवाज झाला आणि ब्लॉकला चीर गेली. कोल्हापूरला नेऊन ती सांधून घेतली. पुढच्या घाटात ती पुन्हा उघडली. नवीन ब्लॉक मिळायचा प्रश्नच नव्हता. ती गाडी काढायचं कंपनीनं केव्हाच बंद केलं होतं.

चीफसाहेबांनी बॉनेट उघडून बराच वेळ बघितलं.

"डॉक्टरीणबाय, ही गाडी कुठं बांधली?"

"विलायतेत."

"दिसतंय. तिकडं थंडी. इंजिन गार पडतंय ही त्यांची काळजी. आपली काळजी उलटी." मग ब्लॉकवर थाप मारून म्हणाले, "आणि हे ओझं बघा. गाडी एवढीशी आणि इंजिन एवढं. हे तुम्हाला घाटावर नेत नाही. हे स्वतःलाच नेतंय, तुम्ही आपल्या बसलाय त्यात."

"मग दुसरं कुठलं बसवायचं?"

"बसवायचं नाही. करायचं."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या भाभींनी, आतून चहा आणता आणता माझा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "थट्टा नाही ती. किती दिवस झाले, कोणाच्या तरी गाडीची वाटच बघतायत ते."

ते खरं होतं. गेली कित्येक वर्षं बोटीवरच्या केबिनमध्ये बसून त्यांनी एका लहान पेट्रोल इंजिनाची चित्रं काढली होती. चार माणसं बसतील एवढ्या गाडीचं, आपल्याकडच्या घाटांत, आपल्याकडच्या उन्हात चालणारं इंजिन. मोठं इंजिन काढणं सोपं, असं त्यांचं म्हणणं. ताकद कमी पडली की आणखी लोखंड घालायचं. लहान इंजिनाला लपायला जागा नसते.

शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर त्यांनी खडूनं ते इंजिन पूर्ण मापाचं काढलं आणि मला बोलावून दाखवलं. दोन सिलिंडर, उभे नाहीत, आडवे, एकमेकांकडे पाठ करून झोपलेले.

"पडावात बसलात कधी?"

"बसले आहे."

"दोन्ही बाजूंची वल्ही एकदम बाहेर, एकदम आत. पडाव हलतो का? सरळ जातो. हे दोन पिस्टन तसे. एकाचा धक्का दुसरा खातो. मग खाली जड पाया नको, जड काही नको. आणि पाणीच उकळतंय ना? तर पाणीच नको. रेडिएटर नको, नळ्या नकोत. सिलिंडरच्या अंगावर पातळ पाती ओतायची, माशाच्या कल्ल्यासारखी. वाऱ्यानं गार होईल."

पेट्रोलचाही त्यांनी विचार केला होता. पुस्तकातलं पेट्रोल धरून इंजिन काढायचं नाही. आपल्या पंपावर जे मिळतं, कसंही असो, ते पचलं पाहिजे. म्हणून सिलिंडरमध्ये दाब किती ठेवायचा यावर ते आठवडाभर स्वतःशीच भांडले. भाभी त्या खडूच्या चित्रावरून पाय उचलून उचलून माडीच्या जिन्याकडे जायच्या. एकदा त्यांच्या लुगड्याच्या काठानं एक झडप पुसली गेली तर म्हणाल्या, "घ्या, तेवढंच ओझं कमी झालं."

ओतकामासाठी ते एसटीनं कोल्हापूरला गेले. पहिले सिलिंडर घेऊन परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. "त्याला म्हणालो, पाती पापडासारखी ओत. त्यानं भाकरीसारखी ओतली." पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला ओतारी स्वतःच इरेला पेटला आणि पापड जमले. पिस्टन फटफटीचे घेतले, क्रँक घडवून आणला आणि आपल्या लेथवर स्वतः कातला, गियरपेटी माझ्या गाडीचीच ठेवली. जुनं इंजिन बाहेर काढायला चार माणसं लागली होती. नवं इंजिन चीफसाहेब आणि दत्तू या दोघांनी उचलून आत ठेवलं. त्या दिवशी चीफसाहेब नुसते हसत होते.

चाचणीला घाट हवा म्हणून आम्ही निवळीलाच गेलो. दत्तू चालवत होता, पुढे चीफसाहेब, मागे मी आणि नाना वकील. नाना वकील हे आमच्या आळीतलं मोठं प्रस्थ, अंगानंही. चीफसाहेबांनी मुद्दाम बोलावलं होतं. "ओझं पूर्ण पाहिजे," एवढंच कारण त्यांनी नानांना तोंडावर सांगितलं आणि नाना ते ऐकूनही आले.

घाट उतरताना गाडी सुंदर चालली. बावनदीच्या पुलाजवळून परत फिरलो आणि चढण लागली. उन्हाची वेळ होती. दरीतला वारा पाठीमागून येत होता आणि गाडीच्याच वेगानं चालल्यासारखा वाटत होता. बॉनेटवर पडलेलं एक सुकं पान जागचं हलत नव्हतं, हे मला अजून आठवतं. अर्ध्या घाटात पेट्रोलचा वास बदलला. मग करकर असा आवाज झाला, गाडी एक हिसका देऊन थांबली आणि सगळं शांत झालं. इंजिन जाम झालं होतं.

चीफसाहेब उतरले. बॉनेट उघडलं, बघितलं, बंद केलं आणि कडेच्या जांभ्या दगडावर जाऊन बसले.

"चीफसाहेब, बैल सांगू का?" नाना म्हणाले. त्यात वाईट हेतू नव्हता, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"सांगा," चीफसाहेब म्हणाले. मग दत्तूचा चेहरा पडलेला पाहून त्याला म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. यंत्राचंही नाही. मी सांगितलं तेच केलं त्यानं."

बैलांनी ओढून गाडी मिरकरवाड्यात आणली, तीही भर बाजारातून. मासळीच्या लिलावाला जमलेली माणसं बाजूला झाली, गाडी गेल्यावर पुन्हा जवळ आली आणि काय बोलली असतील ते तुम्ही ओळखू शकता.

त्यानंतर शेडचं दार बंद राहिलं. एका दुपारी भाभी दवाखान्यात आल्या. स्वतःच्या दुखण्यासाठी त्या कधी आल्या नव्हत्या.

"त्यांची नाडी बघायला चला," त्या म्हणाल्या. "पुढ्यात सुरमई ठेवली तरी बघत नाहीत. बोटीवर आग लागली होती तेव्हासुद्धा हा माणूस जेवून वर गेला होता."

मी गेले. चीफसाहेब शेडमध्ये स्टुलावर बसले होते. हातात पिस्टन, त्याच्या अंगावर मांजरानं ओरबाडावं तशा रेघा.

"बसा, बाय. कळलंय मला काय झालं ते. तेच तर दुखतंय." त्यांनी पिस्टन माझ्या हातात दिला. "मी दर्यावरचा माणूस. वारा फुकट मिळतो असं धरून चाललो. सपाटीवर गाडी पळते, वारा मिळतो. घाटात गाडी बैलाच्या चालीनं चढते आणि इंजिन तर सगळ्यात जास्त तिथंच तापतं. वारा पाठीमागून आला म्हणजे संपलंच."

"मग उपाय?"

"उपाय आहे. पंखा बसवायचा, इंजिनानंच फिरवायचा." त्यांनी पिस्टन माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाले, "पण पंखा ताकद खातो. मी कणाकणानं ताकद वाचवली. कुठं पातं पातळ केलं, कुठं स्क्रू बारीक केला. आणि आता ती पंख्याच्या तोंडात घालायची? घाट चढायला काय उरणार?"

मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. मला जे कळत होतं ते मी सांगितलं. म्हटलं, "चीफसाहेब, हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी निघते ना, तिच्या अगदी पहिल्या दोन फांद्या कुठं जातात माहीत आहे? मेंदूला नाही, हातापायांना नाही. हृदयालाच. ते आधी स्वतःला देतं, मग बाकीच्यांना."

"आधी स्वतःला?"

"आधी. आणि त्या फांद्या बंद पडल्या की काय होतं ते मी बघितलेलं आहे."

"म्हणजे अल्लानंसुद्धा पंखा बसवलाय," ते म्हणाले आणि उठले. दाराकडे जाऊन त्यांनी हाक मारली, "सुरमई आहे का गो अजून?"

पंखा बसला. पण नुसता वारा मारून भागत नाही, तो प्रत्येक पात्यामधून गेला पाहिजे, म्हणून इंजिनाभोवती पत्र्याचं आवरण आलं. त्या आवरणाच्या आत वारा नक्की कुठून जातो हे कसं बघायचं? चीफसाहेबांनी घरातलं धुपाटणं उचललं, त्यात लोबान टाकला आणि ते पंख्यापुढे धरलं. एका बाजूच्या पत्र्याला काचेची खिडकी ठेवली होती. तिथं डोळा लावून ते बसायचे. धूर जिथं रेंगाळेल तिथं खडूची खूण, आणि दुसऱ्या दिवशी तिथं पत्र्याची एक पट्टी, धुराला वाट दाखवणारी. शेडमध्ये लोबान, पेट्रोल आणि सुक्या मासळीचा असा काही वास कोंडायचा की मी नाकाला पदर लावून उभी राहायचे. भाभी शेजारणींना सांगत, "दर्ग्यात लावायचा लोबान आमच्याकडं इंजिनापुढं जळतोय. निदान त्याला तरी दुवा लागू दे."

सिलिंडर थोडे रुंद करून पंख्यानं खाल्लेलं त्यांनी भरून काढलं. शेडमध्ये इंजिन तासन्तास चाललं. गावात सपाटीवर गाडी फिरली. घाटाला मात्र ते नेईनात. मी विचारलं की म्हणायचे, "वायच थांबा."

थांबायला वेळ मिळाला नाही. एका सकाळी बावनदीच्या बाजूच्या वाडीतला एक तरुण गृहस्थ पहिल्या एसटीनं धावत दवाखान्यात आला. बायको अडली होती, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून कळा देत होती. सुईणीनं हात टेकले होते. एसटीत तिला बसवणं शक्य नव्हतं. बैलगाडीनं रत्नागिरीला आणायचं म्हणजे सबंध दिवस जाणार आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

मी त्याला घेऊन थेट मिरकरवाड्यात गेले.

"चीफसाहेब, गाडी पाहिजे."

त्यांनी त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं आणि काय ते ओळखलं. तरीही म्हणाले, "घाटाला तपासलेली नाही."

"मग आज तपासू."

"आणि मध्येच थांबली तर?"

"नाही नेली तर ती नक्की मरेल," मी म्हटलं. "नेली तर तुमच्या इंजिनावर आहे."

त्यांनी हात पुसले, दत्तूला हाक मारली आणि स्वतः गाडीत बसले.

वाडीत पोचलो. मी बाईला तपासलं. मूल आडवं होतं, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं. तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, डोकं सासूच्या मांडीवर, पायाशी मी. पुढे दत्तू. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. नवरा तिथं चढू लागला, तशी चीफसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू आणि मी चालत."

"पण बायको माझी..."

"म्हणूनच. इंजिन चौघांचं काढलंय मी. तिच्या पोटातला जीव हिशेबात धरला नव्हता. तुझं ओझं मागं राहिलं तर तिला उपयोग."

मग खिडकीशी येऊन दत्तूला म्हणाले, "कुठंही थांबू नको. आवाज चढला तर चढू दे. बोलतंय ते, रडत नाही."

घाट सुरू झाला. ऊन तेच, वारा पाठीमागून तसाच. मी बाईच्या नाडीवर बोटं ठेवून बसले होते आणि खरं सांगायचं तर एक कान इंजिनाकडे होता. जिथं इंजिन जाम झालं होतं ते वळण आलं. सासूबाई कुठल्या तरी देवाचं नाव घेत होत्या. दत्तूच्या मानेवरून घाम ओघळत होता. ओहोळाजवळ सवयीनं त्याचा पाय ब्रेककडे गेलेला मी बघितला आणि मी म्हटलं, "दत्तू, पाणी लागत नाही आता." त्यानं पाय मागे घेतला. गाडी एका सुरात गुणगुणत वर सरकत राहिली, कुठं घाई नाही, कुठं धाप नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा आपण चढ संपवलाय हे मला समोरचा सपाट रस्ता दिसल्यावर कळलं.

निघतानाच मी सरकारी इस्पितळात निरोप पाठवला होता, त्यामुळे सर्जनसाहेब तयारीत होते. दोघांनी मिळून ऑपरेशन केलं. मुलगी झाली. थोडा वेळ ती रडलीच नाही, मग रडली. आई शुद्धीवर आली आणि तिनं आधी पाणी मागितलं.

संध्याकाळी चिऱ्यांच्या एका ट्रकमधून चीफसाहेब आणि तो नवरा येऊन पोचले. दोघेही लाल मातीनं माखलेले. भाभी जेवणाचा डबा घेऊन माझ्याआधीच व्हरांड्यात उभ्या होत्या.

"मधल्या वळणावर दत्तूनं गियर बदलला," चीफसाहेब लांबूनच म्हणाले. "गरज नव्हती त्याची."

"आधी बाईचं विचारा," भाभी म्हणाल्या.

"गाडी वर पोचली म्हणजे बाई पोचली. पुढचं डॉक्टरीणबायचं काम, त्यात मी काय विचारायचं?"

नवरा आत धावला होता. बाहेर येऊन त्यानं मला सांगितलं की घाटाखाली चीफसाहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहिले होते, डोळे मिटून. त्याला एक शब्द बोलू दिला नाही. आवाज वर वर जात राहिला, बारीक होत गेला, एका वळणाआड गेला, परत आला आणि शेवटी ऐकू येईनासा झाला. तेव्हा डोळे उघडून म्हणाले, "चल. आता पाय दुखले तरी चालतील."

मी मुलीला कापडात गुंडाळून बाहेर आणलं. चीफसाहेबांनी तिला हातात घेतलं नाही. हात तेलाचे होते. नुसतं वाकून बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत.

"सहा पौंड," ते म्हणाले.

"थोडी वरच," मी म्हटलं.

ते बाकावर बसले आणि हातातल्या फडक्यानं डोळे पुसले. फडकं इंजिनाचं होतं. दोन्ही गालांवर काळे पट्टे उमटले. भाभींनी ते बघितले, पण पुसायला सांगितलं नाही.

पुढे मुंबईचे एक गृहस्थ ते इंजिन बघायला आले. त्यांची मोटारींची मोठी पेढी होती. त्यांनी गाडी घाटाला नेली, आणली, खूश झाले, पण म्हणाले, "चीफसाहेब, गाडी घेणारा माणूस मोठं बॉनेट बघतो. एवढ्याशा इंजिनाची गाडी घेऊन तो मिरवणार कशी?" चीफसाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "आज मिरवणारे घेतात. जेव्हा कामावर जाणारे घ्यायला लागतील तेव्हा या." ते परत आले नाहीत. चीफसाहेबांना त्याचं फारसं वाटलं नाही. त्यांचं इंजिन माझ्या गाडीत पुढे कितीतरी वर्षं चाललं. दापोली, चिपळूण, राजापूर, कुठं म्हणून अडलं नाही. त्या गाडीतून मी किती बायका आणल्या ते मी मोजलं नाही. आज आपल्या रस्त्यांवर लहान गाड्यांची रीघ बघते तेव्हा त्या मुंबईच्या गृहस्थांना भेटावंसं वाटतं.

मग भाभींनी एक दिवस ठरवलं की आता आफ्रिकेत, मोंबासाला, मुलाकडे जायचं. नातवंडं मोठी होत होती आणि आजीला ओळखत नव्हती. चीफसाहेबांनी विरोध केला नाही. शेड पुतण्याच्या ताब्यात दिली, दत्तूला इंजिन उघडायला आणि पुन्हा बसवायला शिकवलं. त्याला ते दोनदा करायला लावलं आणि दुसऱ्या वेळी पाठ फिरवून, नुसता आवाज ऐकत बसले.

मुंबईच्या आगबोटीवर त्यांना पोचवायला मी पडावातून गेले होते. बोट खोल पाण्यात उभी होती. उतारूंची गर्दी, पेट्या, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या. चीफसाहेब शिडी चढून वर गेले, मागोमाग भाभी. आमचा पडाव उतरणाऱ्या माणसांसाठी बोटीला लागूनच थांबला होता, म्हणून मी वर बघत राहिले. निरोपाचे दोन शब्द बोलायचे राहिले होते.

थोड्या वेळानं कठड्याशी भाभी आल्या. एकट्याच. मी खुणेनं विचारलं, चीफसाहेब कुठे?

भोंगा झाला. तांडेलानं पडाव बोटीपासून लोटला. भाभींनी एका हातानं कठडा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट सरळ खाली दाखवलं, डेकच्या खाली, इंजिनरूमकडे. मग त्या हसल्या आणि पदर सावरून तिथंच उभ्या राहिल्या.